सड्यावर गेलेल्या तिघी

बारावीच्या वर्षी आम्ही चौघी होतो. हायस्कूललाच जोडलेल्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात आम्हाला न ओळखणारं कोणी नव्हतं. स्नेहसंमेलनात आमचा नाच सगळ्यात शेवटी ठेवायचे, कारण तो आधी झाला तर मुलं पुढच्या कार्यक्रमाला थांबायची नाहीत, असं सर स्वतःच म्हणायचे. आमच्या रील्स रत्नागिरीतच नाही, तर चिपळूण-खेडपर्यंत बघितल्या जायच्या. मधल्या सुट्टीत कँटीनबाहेरच्या कठड्यावर आम्ही बसायचो. तिथे दुसरं कोणी बसत नसे. बसू नका असं आम्ही कुणाला कधी म्हटलं नव्हतं, तरी बसत नसत, आणि आम्हाला ते आवडायचं.

नावं मी लिहिणार नाही. आमच्यातल्या एकीला सगळं कॉलेजच कॅप्टन म्हणायचं, म्हणून मीही तेच म्हणते. तिचे वडील इमारती बांधायचे. गाणं कुठलं, कपडे कुठले, पुढे कोण आणि मागे कोण, हे ती ठरवायची. दुसरी माझी शेजारीण. आमच्या दोन घरांमध्ये जांभ्या दगडांचा गडगा होता आणि त्याचे चार दगड कधीतरी पडले होते. बालवाडीत असल्यापासून आम्ही त्या खिंडारातून एकमेकींच्या घरी जायचो. पुढच्या दाराने ती आमच्याकडे कधी आल्याचं मला आठवत नाही. आणि तिसरी, जी आता नाही, तिला मी नुसतं 'ती' म्हणणार आहे. आमच्यात खरा नाच फक्त तिला येत होता. आम्ही तिघी मोजून पावलं टाकायचो, तिला मोजावं लागत नसे.

या तिघींत मी कशी आले, याचं मला तेव्हाही आश्चर्य वाटायचं. माझे वडील बोटीवर. आठ-नऊ महिने समुद्रात, मग दोन-तीन महिने घरी. आई अंगणवाडीत. आमचं घर साधं, कौलारू, मागे परसात चार नारळ. अकरावीत शेजारणीने मला कॅप्टनपुढे उभं केलं आणि म्हणाली, "हिला घे गो, बरी नाचते." त्या एका वाक्यासाठी मी तिची किती वर्षं ऋणी राहिले असते कोण जाणे.

गणपती गेल्यावरच्या आठवड्यात चांगलं कडकडीत ऊन पडलं. पावसात सर्दावलेली सुकट आईने रविवारी परसात चटईवर उन्हात घातली. आई गाऊनवर होती, डोक्याला पंचा बांधलेला, हातात कावळे हाकायची काठी. त्या दिवशी ती माझ्याकडे आली होती. नवरात्रासाठी एक नाच बसवायचा होता. आम्ही ओटीवर दोन तास नाचलो, आईने तिला जेवायला घातलं आणि चारच्या सुमाराला ती गेली.

सोमवारी संध्याकाळी माझ्या फोनवर एकामागून एक मेसेज यायला लागले. कोणीतरी नवीन अकाउंट उघडलं होतं. नाव होतं 'सुकट क्वीन'. त्यावर पहिला फोटो माझ्या आईचा, डोक्याला पंचा आणि हातात काठी. खाली लिहिलं होतं, 'राणीची आई महालात'. दुसरा फोटो आमच्या न्हाणीघराच्या पत्र्याच्या दाराचा. तिसरा माझा, शाळेतला, तेल चोपडलेल्या दोन वेण्यांचा. रात्रीपर्यंत सगळ्या कॉलेजने ते बघितलं होतं.

फोटो रविवारचा होता. रविवारी घरी कोण आलं होतं? मी दुसरा विचारच केला नाही.

मंगळवारी पहिल्या तासाआधी मी तिच्या बाकापाशी गेले. वर्ग भरलेला होता. मी म्हटलं, "माझ्या आईच्या हातचं जेवलीस आणि तिचाच फोटो काढलास?"

ती उभी राहिली. "मी नाही काढला. माझं ऐक तरी, मी तुला..."

"काही ऐकायचं नाही मला. माझ्यासाठी तू मेलीस."

हे मी मोठ्याने म्हटलं. पन्नास-साठ मुलांनी ऐकलं. तिने एकदा मागे वळून पाहिलं, तिथे कॅप्टन आणि शेजारीण बसल्या होत्या, आणि मग ती खाली बसली. त्या बघण्याचा अर्थ मला कळायला पुढे तीन आठवडे गेले.

बुधवारी मी कॉलेजला गेले नाही. पोटात दुखतंय असं आईला सांगितलं. आई अंगणवाडीत गेली, मी फोन बंद करून ठेवला आणि दिवसभर पडून राहिले. त्या दिवशी मला घरात कोणीही पाहिलं नाही.

गुरुवारी सकाळी ती सापडली. शहराबाहेर वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, चिरेखाणी आहेत. जांभा कापून कापून चौकोनी खड्डे झालेले, दोन-तीन पुरुष खोल, भिंती सरळ उभ्या. काम संपलं की खाण तशीच सोडून देतात आणि पावसाळ्यानंतर चार महिने त्यात पाणी राहतं. गवत कापायला गेलेल्या एका बाईला पाण्यावर कपडे दिसले.

बातमी आम्हाला शेजारणीच्या आईने सांगितली. ती गडग्याच्या खिंडारात उभी राहिली, आत आली नाही. आईला हळूच काहीतरी म्हणाली आणि आई मटकन पायरीवर बसली. माझी पहिली आठवण ही, की मी आईला विचारत होते, "कोण? कोण गो आई?" आणि मला आधीच कळलेलं होतं.

अंत्यविधीला सगळं कॉलेज आलं. कॅप्टन आली होती, पांढऱ्या कपड्यांत, रडून डोळे सुजलेले. शेजारीण आली नाही. तिला ताप होता. तिला मंगळवार रात्रीपासूनच ताप आहे, बुधवारी ती घरीच झोपून होती, असं तिची आई सगळ्यांना सांगत होती. तिरडीवर तिचा, गेलेलीचा, चेहरा तेवढा उघडा ठेवला होता, बाकी सगळं, केससुद्धा, पांढऱ्या कपड्याने झाकलेलं. मी फुलं वाहिली आणि मला माझंच वाक्य ऐकू आलं. माझ्या मागे दोन मुली कुजबुजत होत्या. त्याही तेच वाक्य बोलत होत्या.

पाय घसरून पडली असेल, असं आधी सगळे म्हणाले. मग एकेक गोष्ट बाहेर आली. तिच्या मनगटावर कोणीतरी घट्ट धरल्याच्या खुणा होत्या. बाही फाटलेली होती. मोबाइल मिळत नव्हता. आणि मुख्य म्हणजे ती तिथे गेली कशी? तिच्याकडे गाडी नव्हती आणि सड्यावर एसटी जात नाही. कोणीतरी तिला नेलं होतं. माझ्याकडे स्कूटर होती. बाबांनी मागच्या सुट्टीत घेऊन दिलेली.

शनिवारी एक पोलीस मॅडम आमच्याकडे आल्या, साध्या कपड्यांत. आईला शेजारी बसवून त्यांनी मला विचारायला सुरुवात केली. आवाज चांगला होता, शाळेतल्या बाईंसारखा.

"भांडण झालं होतं?"

"हो."

"काय म्हणालीस तिला?"

मी सांगितलं. आईने माझ्याकडे पाहिलं. तिला ते माहीत नव्हतं.

"बुधवारी दुपारी कुठे होतीस?"

"घरी."

"एकटी?"

"हो."

"फोन बंद का होता?"

येणारे मेसेज बघवत नव्हते, असं मी सांगितलं. मॅडमनी ते लिहून घेतलं, मग त्या म्हणाल्या, "तुझ्या कॉलेजातल्या मुलींनी आम्हाला सांगितलंय, की तू तिला सड्यावर बोलावलं होतंस. भांडण मिटवायला."

"कोणी सांगितलं?"

"ते तुला सांगता येणार नाही."

त्या गेल्यावर आई कितीतरी वेळ भिंतीला टेकून बसली होती. मग तिने मला एकदाच विचारलं, "तू गेली होतीस?" मी नाही म्हटलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिने तो प्रश्न परत कधीही विचारला नाही. बाबांचं तसं झालं नाही. त्यांची बोट कुठल्याशा बंदराला लागली तेव्हा त्यांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांना आईने सगळं सांगितलं होतं. चेहरा मधूनमधून अडकत होता. ते म्हणाले, "बाय, बापापासून लपवू नकोस. झालं असेल तर झालं. मी वकील बघतो. पण खरं सांग." मी म्हटलं, "बाबा, मी नव्हते तिथे." ते म्हणाले, "बरं." त्या 'बरं'मध्ये विश्वास नव्हता. पुढे त्यांनी माझी माफी मागितली, अगदी रडून मागितली, तरीही ते 'बरं' मला अजून ऐकू येतं.

कॉलेजात मी जायचे, कारण न जाणं म्हणजे कबूल करण्यासारखं झालं असतं. माझ्या बाकावरची मुलगी पुढच्या बाकावर गेली. कठड्याकडे मी गेले नाही. कॅप्टन लांबून हात करायची आणि तोंड फिरवायची. प्रयोगशाळेत माझ्याबरोबर काम करायला जोडीदार मिळेना, तेव्हा बाईंनी मला एकटीला टेबल दिलं आणि म्हणाल्या, "वातावरण निवळेपर्यंत राहू दे असंच." अंगणवाडीत दोन बायकांनी आपली मुलं पाठवणं बंद केलं. आई त्यांच्या घरी जाऊन मुलांचा खाऊ देऊन यायची.

या सगळ्यात एकटी शेजारीण माझ्याजवळ राहिली. ताप उतरल्यावर ती रोज संध्याकाळी खिंडारातून यायची. माझ्याजवळ बसायची, माझे केस विंचरायची. आई तिच्यासाठी घावणे करायची, कारण ही एक तरी पोर आपल्या लेकीला सोडून गेली नाही, असं आईला वाटायचं. "कोणी सांगितलं असेल गो पोलिसांना?" मी तिला विचारायचे. ती म्हणायची, "जळणाऱ्या काय कमी आहेत आपल्यावर? त्यांच्यातल्याच कोणीतरी. तू नको विचार करू. पुरावाच नाही तर काय करणार ते?" मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडायचे. ती घावणे खायची, चटणी आणखी मागून घ्यायची.

दोन आठवडे झाले आणि मला राहवेना. जी गेली होती, तिच्या आईकडे मी गेले. ती माऊली एकटीच असायची, नवरा मुंबईला कामाला. सरकारी कचेरीत शिपाई होती. मला वाटलं होतं, दार लावून घेईल. तिने दार उघडं ठेवलं आणि आत निघून गेली, म्हणून मीही आत गेले. आम्ही समोरासमोर बसलो. मी म्हटलं, "काकी, मी नव्हते तिथे. मी तिला वाईट बोलले, ते खरं आहे. पण मी नव्हते."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंगळवारी घरी येऊन ती रडली. म्हणाली, तिचा गैरसमज झालाय, मी तिला समजावणार आहे. तुझ्यावर राग नव्हता तिचा." आणि मग, मला सांगत होत्या की स्वतःशीच बोलत होत्या कोण जाणे, "बुधवारी मी कामावर गेले तेव्हा केस चांगले कमरेपर्यंत होते. दवाखान्यात दाखवली तेव्हा खांद्यापर्यंत. दुपारी जाऊन कापून आली होती. मला विचारलं पण नाही. कसे दिसत होते, ते पण मला धड बघता आलं नाही."

मला केसांचं काहीच माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. मी काकींचा हात धरून बसले आणि अंधार पडायच्या आत घरी आले.

हे झालं शुक्रवारी. सोमवारी संध्याकाळी शेजारीण नेहमीसारखी आली. आम्ही मागच्या पायऱ्यांवर बसलो होतो. तिचं काहीतरी बोलणं चाललं होतं, गेलेल्या मैत्रिणीची आठवण काढत होती, डोळ्यांत पाणी होतं. ते पाणी खोटं नव्हतं. म्हणाली, "केस कापल्यावर किती गोड दिसत होती ना गो. मोठी वाटत होती एकदम."

मला वाटतं, मी सुपातल्या तांदळातले खडे काढत होते आणि तेच करत राहिले. माझ्या डोक्यात हळूहळू एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. ही अंत्यविधीला नव्हती. ही बुधवारी तापाने घरात झोपली होती. केस बुधवारी दुपारी कापले होते. मग हिने कधी पाहिले? मग सुकटीचा फोटो आठवला. रविवारी घरी कोण आलं होतं, असं मी स्वतःला विचारलं होतं. ही तर रोजच यायची, म्हणून आलेल्यांत मी हिला धरलंच नव्हतं. तो फोटो परसातून काढलेला होता, गडग्याच्या बाजूने. ती तर पुढच्या दाराने आली होती आणि पुढच्याच दाराने गेली होती.

शेजारीण उठून गेल्यावर मी आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "उद्या मॅडमकडे जाऊ." मी म्हटलं, "आधी मी तिला विचारणार." आई म्हणाली, "कशाला? काय ऐकायचंय तुला?" ते मला सांगता आलं नाही. मला वाटतं, तिने नाही म्हणावं, काहीतरी असं सांगावं की सगळं चुकीचं ठरेल, एवढंच मला हवं होतं.

मंगळवारी सकाळी मी खिंडारातून पलीकडे गेले. शेजारीण परसात माडाखाली कॉलेजची बॅग भरत होती. तिची आई थोडं पुढे, आडोशाला, दगडावर कपडे धूत होती. आवाज येत होता, पण ती आम्हाला दिसत नव्हती.

मी सरळ विचारलं, "तिचे केस तू कधी बघितलेस?"

तिला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. तिचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. ती म्हणाली, "फोटो पाठवला होता तिने."

"दाखव."

"डिलीट झाला."

"तू सड्यावर होतीस."

तिने बॅगेची चेन ओढली. मी परत म्हटलं, "तू तिथे होतीस." तशी ती खाली मातीत बसली आणि म्हणाली, "मी नाही ढकललं. आईशप्पथ, मी नाही."

मग तिने सांगितलं. बुधवारी तिघी कॉलेजला गेल्याच नाहीत, दुपारी बाहेरच भेटल्या. आधी पार्लरमध्ये गेल्या, तिने केस कापले. मग कॅप्टनच्या स्कूटरवर तिघी सड्यावर. कॅप्टनला ती जागा वडिलांमुळे माहीत होती. पाण्याच्या कडेला रील करायची होती. पण ती नाचायलाच तयार होईना. म्हणाली, आधी ते अकाउंट बंद करा. आणि काही झालं तरी आज संध्याकाळी मी तिच्या घरी जाऊन सांगणार, की हे तुम्ही दोघींनी केलंय. अकाउंट कॅप्टनने उघडलं होतं. फोटो शेजारणीने काढून दिले होते.

"का?" मी विचारलं.

"गंमत म्हणून. कॅप्टन म्हणाली, हिला फार हवा चढलीय. दोन दिवस ठेवू आणि काढून टाकू."

सड्यावर तिने आपला मोबाइल पुढे केला, त्यात या दोघींच्या चॅटचे स्क्रीनशॉट होते, कॅप्टनच्या फोनमधून गुपचूप घेतलेले. कॅप्टन तो ओढून घ्यायला गेली. मनगट धरलं. बाही फाटली.

"मग ती पडली?"

"कॅप्टनने ढकललं. मोबाइल हातात आला आणि मग दोन्ही हातांनी ढकललं."

"मग?"

शेजारीण रडत होती. मी परत विचारलं, "मग काय झालं?"

"ती वर आली. दोनदा वर आली. तिने मला हाक मारली, कॅप्टनला नाही, मला. मी ओढणी काढली होती गो गळ्यातली. कॅप्टन म्हणाली, चल. म्हणाली, वर आली तर सगळ्यांना सांगेल. पलीकडच्या खाणीत मशीन चालू होतं. माणसं होती."

"तू ओरडलीस?"

तिने मान हलवली. नाही.

मी उभीच होते. मी म्हटलं, "आणि पोलिसांना माझं नाव कोणी सांगितलं?"

"दोघींनी. कॅप्टन म्हणाली, तुला काही होणार नाही. तू तिथे नव्हतीसच, तर पुरावा मिळणार कसा? चार दिवस चौकशी होईल आणि फाइल बंद होईल. आम्ही होतो, म्हणून आमचा पुरावा मिळाला असता."

हे तिने मला समजावून सांगितलं, एखादं गणित समजावावं तसं. आणि वर म्हणाली, "म्हणून तर मी रोज येत होते. तुझी काळजी वाटायची मला."

ती काळजी तिला खरंच वाटत होती, हे मला आज कळतं. त्याने काही कमी होत नाही. उलट मला वाटतं, ती नुसती हेरगिरी करायला येत असती तर बरं झालं असतं. निदान माझ्या केसांतून फिरणारा तो हात तरी खोटा होता, असं मला म्हणता आलं असतं.

कपडे आपटल्याचा आवाज थांबलेला होता. आम्ही दोघींनी एकदमच पाहिलं. तिची आई आडोशाच्या बाहेर येऊन उभी होती, कोपरापर्यंत साबण. कधीपासून ऐकत होती, माहीत नाही. ती लेकीजवळ आली. मला वाटलं, मारेल. तिने हात पदराला पुसले.

"त्या बुधवारची सलवार मीच धुतली," ती म्हणाली. माझ्याकडे बघून म्हणाली, लेकीकडे नाही. "गुडघ्यापर्यंत लाल माती. दोनदा धुवावी लागली. मी विचारलं नाही. ताप आहे असं सांग म्हणाली, मी सगळ्यांना सांगितलं. मी विचारलं नाही गो बाय."

मग लेकीला म्हणाली, "ऊठ. तोंड धू. आपल्याला जायचंय."

"आई, बाबा येऊ देत. बाबांना विचारू."

"बाबांना नंतर. ऊठ."

शेजारणीने माझा पाय धरला. "सांग ना तिला," म्हणाली, "तू सांग." मी पाय सोडवून घेतला आणि खिंडारातून घरी आले. आई दारात उभी होती. थोड्या वेळाने समोरच्या रस्त्यावरून त्या दोघी रिक्षात बसून गेल्या. आई आणि मी त्यांच्या मागोमाग दुसऱ्या रिक्षाने गेलो.

पुढचं भराभर झालं. पार्लरवाल्या बाईने सांगितलं, की हो, तिघी आल्या होत्या, पोलिसांच्या भानगडीत नको म्हणून मी गप्प बसले. मोबाइल दुसऱ्या एका खाणीच्या पाण्यातून काढला. कॅप्टनने आधी सगळं नाकारलं, मग सगळा दोष शेजारणीवर टाकला, मग वकिलाने तिला गप्प राहायला सांगितलं. दोघी सतरा वर्षांच्या, त्यामुळे सगळं बाल न्याय मंडळापुढे चाललं. कॅप्टनला सुधारगृहात ठेवलं. तिचे वडील घर विकून कुठे गेले, ते कोणाला नक्की माहीत नाही. शेजारणीने साक्ष दिली. तिला समुपदेशन, देखरेख असं काहीतरी मिळालं आणि तिची आई घर बंद करून तिला घेऊन मामाकडे अलोऱ्याला राहायला गेली.

कॉलेजात सगळे माझ्याशी एकदम चांगलं वागायला लागले. बाकावरची मुलगी परत माझ्या शेजारी आली आणि म्हणाली, "आम्हाला तर आधीपासून माहीत होतं, तू असं करणार नाहीस." बाईंनी वर्गासमोर माझ्या धैर्याचं कौतुक केलं. मी परीक्षा दिली आणि त्या इमारतीत परत पाऊल ठेवलं नाही. निकाल ऑनलाइन बघितला, मार्कशीट आईने आणली.

काकींकडे मी जात राहिले. त्यांना मी एकदा विचारलं, की मी तिला तसं बोलले नसते, तर ती मला मंगळवारीच सगळं सांगून मोकळी झाली असती, नाही? काकींनी लगेच नाही म्हटलं नाही. विचार केला आणि म्हणाल्या, "असती." मग म्हणाल्या, "पण ढकललं तू नाहीस." दोन्ही गोष्टी त्यांनी खऱ्या सांगितल्या. इतर सगळे मला फक्त दुसरी सांगतात.

मी आता एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रक्त घेते, तपासते. मागच्या वर्षी सकाळच्या गर्दीत कागदावर एक नाव वाचलं आणि आडनाव वेगळं असूनही मला कळलं. शेजारीण आत आली. अंगाने भरलेली, गळ्यात मंगळसूत्र, सातवा महिना असेल. खुर्चीत बसली, हात पुढे केला आणि मग तिने वर पाहिलं.

"ओळखलंस ना मला?" ती म्हणाली.

"मूठ बंद करा," मी म्हटलं.

शीर चटकन सापडली. तीन छोट्या नळ्या भरायच्या होत्या. ती हळू आवाजात बोलत राहिली. म्हणाली, तेव्हा मी लहान होते. म्हणाली, मला अजून नीट झोप लागत नाही. म्हणाली, मुलगी झाली तर तिचं नाव ठेवू का, असं मनात येतं, नवऱ्याला काही माहीत नाही. माझा हात तेवढा थांबला. मी म्हटलं, "नको ठेवू. काकी अजून आहेत. त्यांच्या कानावर जाईल."

तिने मान हलवली. मी कापूस दाबून धरायला सांगितलं. ती उठली नाही. "तू मला कधी माफ केलंस का गो?" असं तिने विचारलं. मागे सहा-सात माणसं रांगेत होती. मी म्हटलं, "नाही." आणि पुढचा कागद उचलला.

ती बाहेर गेल्यावर दारातून मला तिची आई दिसली. बाकावर बसलेली, मांडीवर पिशवी, केस सगळे पांढरे. लेकीबरोबर आली असणार. मी हातमोजे काढले, रांगेतल्या माणसाला दोन मिनिटं थांबायला सांगितलं आणि बाहेर जाऊन तिच्यासमोर उभी राहिले. तिने मला ओळखलं आणि उठायला लागली. मी तिला बसवलं.

"तुझी आई बरी आहे?" तिने विचारलं.

"बरी आहे. गुडघे दुखतात. तुमची आठवण काढते."

"माझी?" ती म्हणाली. "माझी कशाला?"

"काढते," मी म्हटलं. "एकदा या घरी."

शेजारीण जरा लांब, जिन्याजवळ, कोपरात हात दुमडून उभी होती. तिला मी बोलावलं नाही. हे तिच्या आईलाही कळलं. माझा हात दोन्ही हातांत घेऊन तिने थोडा वेळ धरून ठेवला, मग पिशवी उचलली आणि लेकीला आधार देऊन सावकाश जिना उतरायला लागली.